फुकटच्या कोर्टावर टेनिस खेळायला जाण्याआधी

क्लबात नेट ताणून तयार असतं आणि वेळ वहीत लिहिलेली असते. बागेतल्या फुकटच्या कोर्टावर हे सगळं आपलं आपण बघायचं, त्यामुळे बॅग भरताना थोडा विचार करावा लागतो.

सुरुवात नेटपासून. मधोमध ते हमखास लोंबलेलं असतं. उंची मध्ये ९१.४ सेंटिमीटर हवी आणि खांबापाशी १.०७ मीटर. टेप विसरली तरी अडत नाही. एक रॅकेट उभी धरायची आणि तिच्या टोकावर दुसरीचं डोकं आडवं टेकवायचं. २७ इंच अधिक साधारण ९, म्हणजे झाले की ३ फूट! नेटची पांढरी पट्टी तिथवर पोचत नसेल तर दोरी खांबाकडे ओढून आवळायची, म्हणून सुतळी बॅगेत कायमची असू द्या.

चेंडू तीन-चार न्या. डबा फुटला की आतला दाब उतरायला लागतो, त्यामुळे महिन्यापूर्वीच्या चेंडूवर भरवसा नको. खांद्याएवढ्या उंचीवरून सोडून बघा. निम्म्याच्या वर उसळला नाही तर तो गल्लीतल्या क्रिकेटला देऊन टाका. उलटा व्यवहार मात्र करू नका. क्रिकेटचा हेवी टेनिस बॉल मारून मनगट नि कोपर दोन्ही धरतात. चेंडूंवर पेनानं खूण करा, शेजारच्यांचेही पिवळेच असतात.

बूट टेनिसचेच हवेत असं नाही, पण पळायचे मऊ बूट नकोत. आडवं धावताना त्यात घोटा वळतो. जून ते सप्टेंबर सिमेंटवर शेवाळ धरतं. पाऊस थांबला म्हणून लगेच उतरू नका, आधी पाय घासून बघा. सुकं गोणपाट नेलंत तर बेसलाइनवरचं, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरचं, पाणी टिपता येतं.

टोपी, टॉवेल, पाणी हे सांगायला नको. कोल्हापुरातल्या गंगावेशीतलं धारोष्ण दूध खेळून झाल्यावर. आधी प्यायलात तर दुसऱ्याच गेमला कळेल.

राहिला प्रश्न माणसांचा. सकाळी कोर्टावरून फेऱ्या मारणारे काका असतात आणि संध्याकाळी फुटबॉलवाली पोरं. कोल्हापुरात मोकळी जागा दिसली की फुटबॉल सुरू होणारच, त्यावर चिडून उपयोग नाही. काकांना ‘काका, जरा कडेनं’ आणि पोरांना ‘भावा, एवढा गेम होऊ दे, मग घ्या’ एवढं पुरतं. शेजारच्या कोर्टावर रॅली चालू असताना मागून चालत जाऊ नका, चेंडूही पॉइंट संपल्यावरच मागा.

बाकावर कुणी रॅकेट घेऊन बसलेलं दिसलं तर पूर्ण सेटचा हट्ट सोडा. सरळ टायब्रेक खेळा: आधी ७ पॉइंट करेल तो जिंकला, पण आघाडी २ची हवी. नाहीतर त्यांनाच बोलावून डबल्स लावा.