गोष्ट विसरा, कड बघा

अमूर्त कोलाज, म्हणजे कागद-कापडाचे तुकडे चिकटवून केलेलं, ओळखीचा आकार नसलेलं चित्र, करायचं ठरलं की पुण्यातला नवखा विद्यार्थी बुधवारी नाहीतर रविवारी जुना बाजार गाठतो. पिवळी पडलेली लग्नपत्रिका, शिक्के मारलेली पोस्टकार्डं, मोडी कागद घेऊन येतो आणि बोर्डावर मांडतो. दिसतं छान, पण तो आजोबांचा अल्बम होतो. (मोडी कागद तर फाडूच नका. तो कुणाच्या तरी अभ्यासाचा ऐवज असतो.)

सापडलेल्या वस्तूला स्वतःची गोष्ट असते आणि ती चित्रावर कुरघोडी करते. म्हणून मी वर्गात मुलांना सगळे तुकडे आधी पालथे घालायला लावतो. अक्षरं गेली की उरतो करडा-तपकिरी रंग, जाडी आणि कड. फाडलेल्या छापील कागदाला पांढरी किनार येते, कातरीची रेघ मात्र थंड असते. आधी याच दोन कडांवर काम करा, रंग नंतर.

अमेरिकन चित्रकार अ‍ॅन रायन हे नाव इथे फारसं कुणी घेत नाही, घ्यायला हवं. १९४८ साली, साठीला टेकलेली असताना, तिने न्यूयॉर्कमध्ये जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्सची कोलाजं पाहिली आणि १९५४ मध्ये मृत्यू होईपर्यंत स्वतः सुमारे चारशे केली. बरीचशी तळहाताएवढी, जुन्या कापडाची, हातकागदाची. श्विटर्सच्या कामात ट्रामची तिकिटं वाचता येतात, तिच्याकडे बहुतेक वेळा नुसतं विणकाम आणि निघालेला दोरा दिसतो. इटलीचा आल्बेर्तो बुर्री पेशाने डॉक्टर. टेक्सासमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने चित्रं काढायला सुरुवात केली. पुढे त्याने गोणपाट शिवून चित्रं केली, तर लोकांना त्यात जखमा दिसल्या. तुम्ही आधी त्याने टाके कुठे ओढलेत ते बघा. आपल्याकडे शिल्पकार हिंमत शहांनी १९६३ मध्ये ‘ग्रुप १८९०’ या कलाकारांच्या गटाच्या प्रदर्शनात जाळलेल्या कागदांची कोलाजं मांडली होती. तिथे कड विस्तवाने काढली होती.

सामानासाठी फार फिरायला नको. लक्ष्मी रोडच्या आसपासच्या शिंप्यांकडे चिंध्या मिळतात, शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत चांगला कागद. वर्तमानपत्र वापराल तर ते तपकिरी होणारच. पिकासोच्या १९१२ च्या कोलाजांतलंही झालंय. रंग टिकवायचाच असेल तर तो तुकडा वगळा.

चिकटवण्याबद्दल मी हट्टी आहे. फेव्हिकॉल सुटत नाही, पीठ शिजवून केलेली खळ पाण्याने सोडवता येते, म्हणून शिकताना खळच. पावसाळ्यात तिला कसर लागते. जुने बाइंडर त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका. पुठ्ठा वाकू नये म्हणून मागच्या बाजूलाही तेवढाच कागद डकवा.

पोर्टफोलिओसाठी फोटो काढताना उजेड एका बाजूने, तिरका पाडा. समोरून फ्लॅश मारला की जाडी मरते आणि परीक्षकाला ते छापील चित्र वाटतं. काच कामाला टेकू नये म्हणून फ्रेमवाल्याला दोन्हींच्या मध्ये पट्टी घालायला सांगा, तो स्वतःहून घालत नाही.