जुन्या स्पोर्ट्स कारवरचे कारखान्याचे क्रमांक कसे तपासावेत

रिव्हेटने बसवलेली क्रमांकाची पट्टी काही मिनिटांत बदलता येते. चेसिसवर किंवा इंजिनच्या ब्लॉकवर (मुख्य ओतीव भागावर) ठोकलेले आकडे बदलले, तर खुणा मागे उरतात. म्हणून सुरुवात पट्टीपासून करा, पण इंजिन मूळचे की नाही हे धातूवरूनच ठरवा.

सोबत टॉर्च, छोटा आरसा, मऊ कापड, डीग्रीझर आणि प्लास्टिकची पातळ पट्टी घ्या. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर वापरू नका. जे वाचायचे तेच त्याने पुसले जाते.

१. चेसिस क्रमांक. अमेरिकी बाजारातल्या गाड्यांवर १९८१ च्या मॉडेलपासून १७ खुणांचा क्रमांक येतो. त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरे कधीच नसतात. दिसली तर तिथेच थांबा. पहिल्या तीन खुणा निर्मात्याच्या: 'डब्ल्यूपी०' म्हणजे पोर्श, 'झेडएफएफ' म्हणजे फेरारी. दहावी खूण मॉडेल वर्षाची: बी म्हणजे १९८१, वाय म्हणजे २०००, पुढे १ ते ९ आणि २०१० ला पुन्हा ए.

नववी खूण पडताळणीची. अक्षरांना आकडे द्या: ए ते एच १ ते ८, जे ते एन १ ते ५, पी ७, आर ९, एस ते झेड २ ते ९. मग डावीकडून ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, ०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २ यांनी गुणून बेरीज करा आणि ११ ने भागा. बाकी नवव्या खुणेइतकी हवी. बाकी १० असेल तर तिथे एक्स असतो. सरावासाठी सतराही जागी १ हा आकडा घ्या: बेरीज ८९, बाकी १. युरोपीय बाजारातल्या पोर्शवर मात्र या जागी नुसता झेड भरलेला असतो, तेव्हा हिशेब जुळला नाही म्हणून गाडीवर संशय घेऊ नका.

२. ठोकलेले क्रमांक. डावे-उजवे नेहमी ड्रायव्हरच्या सीटवरून मोजा. जुन्या एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या) पोर्श ९११ मध्ये चेसिस क्रमांक पुढच्या डिकीत गालिच्याखाली सापडतो, इंजिन क्रमांक पंख्याच्या आधारापाशी. पोर्श ३५६ च्या बॉनेटवर आणि दारांवरही चेसिस क्रमांकाचे शेवटचे आकडे असतात, त्यामुळे बदललेले दार लगेच ओळखू येते. जॅग्वार ई-टाइपचा इंजिन क्रमांक ब्लॉकवर आणि सिलिंडर हेडवरही (ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणावर) असतो. शेवटचा '/९' म्हणजे इंजिनचे कॉम्प्रेशन गुणोत्तर ९:१. हेड दुसरे निघाले, तर ब्लॉकवरचा आकडा ग्राह्य धरा.

३. तारखांचा क्रम. १९६० च्या दशकातल्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते: 'सी १४ ७' म्हणजे १४ मार्च १९६७ (महिने ए ते एल). ब्लॉकवरच, उजव्या हेडच्या पुढे असलेल्या पॅडवर (सपाट जागेवर) इंजिन जुळणीचा शिक्का: 'व्ही ०३२३' म्हणजे फ्लिंट कारखाना, २३ मार्च. आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी. हा क्रम उलटला, तर इंजिन त्या गाडीचे नाही. वर्षाचा एकच आकडा असल्याने ७ म्हणजे १९७७ ही असू शकते. ब्लॉकचा कास्टिंग क्रमांकही (ओतकामातच उमटलेला) जुळवा.

४. पॅडचा पृष्ठभाग. इथे घाई करू नका. कारखान्यात ब्रोचिंग (दातेरी हत्याराने पृष्ठभाग सपाट करणे) होताना पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा उमटतात. टॉर्च आडवी धरली की त्या दिसतात, आणि खरे आकडे त्या रेषांना छेदून खाली गेलेले असतात. गोलाकार ओरखडे, आरशासारखी गुळगुळीत जागा किंवा आकड्यांच्या वरून गेलेल्या रेषा म्हणजे घासून पुन्हा ठोकलेला क्रमांक. पण रेषा नाहीत एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही: हा पॅड ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाच्याच पातळीत असतो, त्यामुळे ओव्हरहॉलमध्ये ब्लॉक घासला की प्रामाणिक गाडीचा क्रमांकही जातो. अशा वेळी कामाच्या पावत्या मागा. कोऱ्या पॅडवर नवे आकडे दिसले, तर मात्र सौदा सोडा.

चेसिसच्या आकड्यांभोवती वेल्डिंगची कड, पुटी किंवा ताजा रंग आहे का, हे आरसा धरून मागच्या बाजूनेही बघा.

५. कारखान्याची नोंद. प्रत्येक शिक्क्याचे तिरप्या उजेडात फोटो काढा आणि निर्मात्याच्या हेरिटेज विभागाकडून (जुन्या गाड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या) नोंद मागवा. जॅग्वारच्या प्रमाणपत्रात चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स असे चारही क्रमांक मिळतात. विक्रेत्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर न जाता स्वतः मागवलेली प्रत आणि तुमचे फोटो शेजारी ठेवून एकेक आकडा मिळवा.