ब्राझीलची पोर्तुगीज शिकताय? ओळखीच्या शब्दांपासून सावध, आणि या चुका टाळा

मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात पोर्तुगीज फार सोपी वाटते. पाव, बटाटा, चावी, बादली, कोबी, पगार, घमेलं हे सगळे शब्द तिकडूनच आलेले. वर्गात हात वर करून ते सांगितले की कौतुकही होतं. पण पुढे गाडी अडते ती बहुतेकदा याच ओळखीमुळे. अनोळखी शब्द माणूस तपासून घेतो, ओळखीचा तसाच तोंडातून निघून जातो.

फळबाजारातली फजिती

‘अननस’ पोर्तुगालमध्ये चालतो, पण ब्राझीलच्या बाजारात त्याला ‘आबाकाशी’ म्हणतात. पपई तिथे ‘मामाँउ’. ‘पेरू’ मागितलात तर समोरच्याच्या डोळ्यांपुढे टर्की कोंबडी येईल. आपल्या पेरूला तिथे ‘गोयाबा’ म्हणतात. काजूची गंमत तर आणखी वेगळी. हा शब्द मुळात ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी भाषेतला, पोर्तुगीजांनी झाडासकट कोकणात आणलेला. ब्राझीलमध्ये आजही ‘काजु’ म्हणजे बोंडू. गर हवा असेल तर ‘कास्तान्या जि काजु’ म्हणायचं.

सगळ्यांत महाग पडतो तो पाव. मूळ शब्द अनुनासिक आहे, ‘पाँउ’. नाकातला सूर गेला की उरतं ‘पाउ’. त्याचा अर्थ काठी, आणि बोलीभाषेत पुरुषाच्या अवयवाचं अशिष्ट नाव. बेकरीत सकाळी सहा ‘पाउ’ मागणारा विद्यार्थी आठवडाभर लक्षात राहतो. प्रमाण मराठीत शब्दावर अनुस्वार लिहिला तरी स्वर नाकातून काढायची सवय राहिलेली नाही, म्हणून हे घडतं. कोकणी आणि मालवणी बोलणाऱ्यांना ते सहज जमतं. बाकीच्यांनी हिंदीतला ‘पाँव’ म्हणावा आणि शेवटी ओठ दातांना लावू न देता ‘उ’वर सोडावं. बरोबर जमलं का हे पाहायला नाक चिमटीत धरून तोच शब्द म्हणा. आवाज कोंडला तर उच्चार बरोबर. काही फरकच पडला नाही, तर तुम्ही काठी मागताय.

कान आधी, वही नंतर

पुस्तकातली अक्षरं पाहून उच्चार करू नका. रिओ, साओ पावलो या भागांत ‘इ’च्या आधीचा ‘द’ जकारासारखा आणि ‘त’ चकारासारखा होतो. दिवस म्हणजे ‘जीया’, मावशी म्हणजे ‘चीया’. शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ हकाराकडे जातो, म्हणून रिओ शहर स्वतःला ‘हीउ’ म्हणवतं. ‘काहु’ म्हणजे मोटार आणि ‘कारु’ म्हणजे महाग. लिहिताना फरक फक्त एका जादा ‘र’चा. हे नियम देशभर सरसकट लागू होतात असंही समजू नका. ईशान्येतल्या रेसिफेकडे अनेकांच्या तोंडी मावशी ‘तीया’च असते, आणि ते अशुद्ध नव्हे.

एका बाबतीत मात्र देवनागरी मदतीला येते. आजी ‘आव्हॉ’, आजोबा ‘आव्हो’. रोमन लिपीत फरक फक्त डोक्यावरच्या चिन्हाचा असतो, तिथे इंग्रजीतून शिकणारे अडखळतात. आपल्याकडे ऑ आणि ओ वेगळे आहेतच. पहिले दोन महिने शब्दसंग्रहाच्या वहीत उच्चार देवनागरीत लिहा.

पोर्तुगालचं पुस्तक, ब्राझीलची परीक्षा

गोव्यात पोर्तुगीज शिकायला सुरुवात झाली असेल तर ती बहुधा पोर्तुगालच्या वळणाची असते. त्यात गैर काही नाही, पण विद्यापीठाचा अर्ज ब्राझीलला करताना शब्द तपासा. पोर्तुगालमध्ये ‘प्रोपिना’ म्हणजे विद्यापीठाची फी, ब्राझीलमध्ये लाच. ‘मला प्रोपिना कधी भरायची ते कळवा’ असा ईमेल कार्यालयात गेला तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय ब्राझीलच्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं, तेव्हा प्रश्नच दुहेरी चुकीचा. ‘रापारिगा’ म्हणजे लिस्बनमध्ये साधी मुलगी. ब्राझीलच्या ईशान्येत ती शिवी आहे. ‘कोलेजिउ’ म्हणजे कॉलेज नव्हे, शाळा. कॉलेजला ‘फाकुउदाजी’. दारावर ‘पुशी’ लिहिलं असेल तर दार ओढायचं.

जुनी पुस्तकंही दगा देतात. नवं शुद्धलेखन ब्राझीलमध्ये 2009 पासून आलं आणि 2016 पासून सक्तीचं झालं. ‘उ’वर दोन टिंबं देणारं पुस्तक हाती आलं तर व्याकरणाला वापरा, शुद्धलेखनाला नको.

आला की, गेलो की

‘तो आला की सांगतो’ या वाक्यात तो अजून आलेला नाही, तरी आपण ‘आला’ हे भूतकाळाचं रूप वापरतो. पोर्तुगीजमध्येही अशा ठिकाणी भूतकाळावरून बनवलेलं खास रूप येतं, आणि इंग्रजीतून विचार करणारे नेमके इथेच वर्तमानकाळ घालून बसतात. ‘क्वांदु एली व्हेंइ’ चूक, ‘क्वांदु एली व्हिएर’ बरोबर. रूप तयार करायची रीत सोपी आहे. क्रियापदाचं भूतकाळातलं ‘ते’चं रूप घ्या आणि शेवटचा ‘आंउ’ काढा. ‘व्हिएरांउ’ म्हणजे ते आले, त्यावरून ‘व्हिएर’. ‘फिझेरांउ’ म्हणजे त्यांनी केलं, त्यावरून ‘फिझेर’. ‘फोरांउ’ म्हणजे ते गेले, त्यावरून ‘फोर’. अपवाद पाठ करत बसू नका, भूतकाळ पक्का करा.

लिंगाचं मात्र मराठीवर सोपवू नका. आपली समस्या स्त्रीलिंगी, त्यांचा ‘प्रोब्लेमा’ पुल्लिंगी. आपला प्रवास पुल्लिंगी, त्यांची ‘व्हियाजेंइ’ स्त्रीलिंगी. शब्द कधीही एकटा पाठ करायचा नाही, आधीचा पुल्लिंगी ‘उ’ किंवा स्त्रीलिंगी ‘आ’ लावूनच करायचा. आभार मानताना मात्र ‘येतो–येते’ आठवा: पुरुष म्हणेल ‘ओब्रिगादु’, बाई म्हणेल ‘ओब्रिगादा’, समोर कोणीही असो.

संस्कृतीच्या निबंधात गुण कुठे जातात

‘मोदेर्निझ्मु’ हा शब्द स्पॅनिश अमेरिकेच्या अभ्यासातून उचलू नका. तिथे तो 19व्या शतकाच्या अखेरीचा काव्यप्रवाह आहे. ब्राझीलमध्ये त्याची खूण म्हणजे फेब्रुवारी 1922 मधला साओ पावलोचा कला-सप्ताह. दोन्ही एक समजून लिहिलेला निबंध पहिल्याच पानावर बाद होतो.

फेइजोआदा, म्हणजे काळ्या घेवड्याची आणि डुकराच्या मांसाची उसळ, गुलामांनी मालकाच्या उष्ट्या तुकड्यांतून घडवली, ही कथा फार लोकप्रिय आहे. अभ्यासक ती जशीच्या तशी मान्य करत नाहीत. डुकराचे कान-पाय पोर्तुगीज घरांतही आवडीने खाल्ले जात, आणि घेवडा-मांस एकत्र शिजवण्याची युरोपीय परंपरा जुनी आहे. लिहायचीच असेल तर दंतकथा म्हणून लिहा.

ब्राझीलच्या जनगणनेत वर्ण किंवा वंशाचे पाच पर्याय असतात आणि माणूस स्वतःच त्यातला एक सांगतो. 2022 मध्ये 45.3 टक्के लोकांनी ‘पार्दा’, म्हणजे मिश्र वर्णाचे, 43.5 टक्क्यांनी ‘ब्रांका’, म्हणजे गोरे, आणि 10.2 टक्क्यांनी ‘प्रेता’, म्हणजे काळे, असं सांगितलं. याला ‘जात’ म्हणून मोकळं होऊ नका. आपली जात जन्माने ठरते, तिथे सख्ख्या भावंडांची उत्तरंही वेगळी येऊ शकतात.

नाव आणि समास

ब्राझीलच्या ग्रंथालयात कादंबरीकार माशादु दि आसिस ‘म’खाली शोधाल तर सापडणार नाहीत, ते ‘आसिस’खाली असतात. उलट नावाच्या शेवटी ‘फील्यु’ म्हणजे मुलगा, किंवा ‘नेतु’ म्हणजे नातू असेल तर ते आडनाव नव्हे. आधीचा शब्द धरून दोन्ही एकत्र लिहायचे.

प्रबंधाला आबेएनेतेच्या, म्हणजे ब्राझीलच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या, नियमांचा साचा असतो. ए-फोर कागद, डावीकडे व वर 3 सेंटिमीटर, उजवीकडे व खाली 2 सेंटिमीटर समास, ओळींत दीडपट अंतर. तीन ओळींपेक्षा मोठं अवतरण डावीकडून 4 सेंटिमीटर आत, लहान अक्षरांत, अवतरणचिन्हांशिवाय. चिन्हं ठेवली की ती चूकच धरतात. कंसातलं लेखकाचं आडनाव पूर्वी सगळं मोठ्या लिपीत लिहीत. 2023 च्या सुधारणेनंतर फक्त पहिलं अक्षर मोठं.

सेल्पे-ब्रास

ही परदेशी लोकांसाठीची ब्राझील सरकारची पोर्तुगीज भाषेची परीक्षा. व्याकरणाच्या रिकाम्या जागा भरायला येत नाहीत. लेखी भागात चार कामं असतात: एक व्हिडिओवर, एक ध्वनिफितीवर, दोन उताऱ्यांवर. प्रत्येकात तुम्ही कोण, कुणाला आणि कशासाठी लिहिताय हे सांगितलेलं असतं. शेजाऱ्यांना पत्र मागितलं असताना सुंदर निबंध लिहिणारे इथेच घसरतात. लिहायला घेण्यापूर्वी प्रश्नातल्या या तीन गोष्टींखाली रेघ मारा.

तोंडी परीक्षा वीस मिनिटांची. त्यातली पहिली पाचेक मिनिटं तुम्ही नोंदणीच्या वेळी भरलेल्या माहितीवर जातात. त्यामुळे छंद म्हणून ‘कापोएरा’ हा ब्राझीलचा नृत्यासारखा युद्धखेळ लिहिला असेल तर निदान त्यात वाजणाऱ्या बेरिंबाउ या वाद्याला किती तारा असतात एवढं ठाऊक असू द्या. एकच असते.