किटकॅट काढून एमसीबी बसवण्याआधी

जुना किटकॅटचा (चिनी मातीच्या फ्यूजचा) बोर्ड काढून एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवायचं ठरलं असेल तर वायरमनला फोन करण्याआधी घरातली तार बघून घ्या. बोर्डाजवळची नव्हे, पार शेवटच्या टोकाची. हे पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. मागच्या वेळी आमच्याकडे बाकी सगळं व्यवस्थित झालं आणि नेमकं हेच राहिलं.

फ्यूज गिझरला वाचवायला नसतो. माणसाला तर नसतोच, त्याचं पुढे येईल. तो भिंतीतल्या तारेसाठी असतो. करंट दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते, आणि तारेवरचं साधं पीव्हीसीचं आवरण ७० अंशांच्या आतच वर्षानुवर्षं टिकतं. त्याच्या वर रोज थोडं थोडं तापत राहिलं की ते आधी कडक होतं, मग तडकतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत, आपल्याला न दिसता. म्हणून क्रम असा: उपकरण बघून तार, तार बघून फ्यूज. ‘सारखा ट्रिप होतोय, जरा मोठा टाका’ हा त्याच्या बरोबर उलटा प्रकार आहे, आणि असं सुचवणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवा.

आधी लोड. कागद घेऊन बसा, वॅट भागिले २३० केलं की अँपिअर मिळतात. दिवे, पंखे, टीव्ही यांच्यात वेळ घालवू नका, ते किरकोळ आहेत. पाणी किंवा हवा गरम-थंड करणारं जे काही आहे ते लिहा: ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर, २००० वॅटची इंडक्शन शेगडी पावणेनऊ, पाणी तापवणारं वॉशिंग मशीन तेवढंच. आणि यातलं काय काय एकाच लाइनवर आहे तेही लिहा. मेन चालू ठेवून एकेक किटकॅट काढा, घरभर फिरून काय बंद पडलं ते टिपा. किटकॅट काढताना घरातलं सगळं आधी बंद हवं, चालू लोडवर ओढला तर ठिणगी उडते; काढून झाला की एकेक चालू करून बघा. बाथरूमचा पॉइंट स्वयंपाकघराच्या लाइनवर निघाला तर नवल वाटून घेऊ नका.

आता तार. वायरमन दीड एमएम, अडीच एमएम, चार एमएम म्हणतात ते तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ असतं, जाडी नव्हे. एकेरी तार असेल तर दीडची जाडी सुमारे १.४ मिलिमीटर भरते, अडीचची १.८, चारची सव्वादोन. जुन्या घरात ही मापं सापडणारच नाहीत, तिथे एक-अठरा, तीन-बावीस, सात-बावीस, सात-वीस असा हिशेब असतो. पहिला आकडा पदर किती, दुसरा पदराचा गेज, म्हणजे जाडीचा क्रमांक. यातली सात-बावीस पावणेतीन एमएमच्या आसपास येते, म्हणजे पॉवर पॉइंटला चालते. एक-अठरा सव्वालाही पोचत नाही. तार पांढुरकी दिसली तर ती ॲल्युमिनिअम असू शकते (किंवा कलई केलेलं तांबं, थोडं खरवडून बघा). ॲल्युमिनिअम असेल तर त्याच मापाच्या तांब्यापेक्षा ती बराच कमी करंट सोसते, आणि तांब्याशी जोडलेली असेल तर तो जोड आज ना उद्या तापणारच.

हे मोजायचं दोन्ही टोकांना, मेन बंद करून. बोर्डात मोजलं, चार एमएम निघाली, झालं असं नाही. मध्ये कुणी, कधीतरी, उरलेल्या तुकड्याचा जोड दिलेला असतो. बोर्डातून निघालेली लाइन माळ्यावरच्या जंक्शन बॉक्समध्ये जाते आणि तिथून पुढे भलतीच तार सुरू होते. फ्यूज ठरतो तो त्या लाइनवरच्या सगळ्यांत बारीक तुकड्यावरून. सगळ्यांत बारीक. म्हणून गिझरचा पॉइंट उघडा, तिथली तार बघा, आणि वाटेतला प्रत्येक बॉक्स उघडा. रंग चढून झाकण चिकटलं असेल तर पातं फिरवून उघडा. रंग परत देता येतो.

आमच्याकडे काय झालं ते आकड्यांत सांगतो, म्हणजे हा हट्ट का ते कळेल. बोर्डात चार एमएम दिसली म्हणून २० अँपिअरचा एमसीबी लागला. माळ्यापुढे एक-अठरा होती. त्या लाइनवर गिझरचे १३ आणि वॉशिंग मशीनचे पावणेनऊ, मिळून पावणेबावीस. आता एमसीबीचं मानक काय सांगतं? लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट करंटला तो तासभर पडताच कामा नये, आणि १.४५ पटीला तासाभरात पडायलाच हवा. २० ला १.१३ ने गुणलं की २२.६. म्हणजे पावणेबावीस अँपिअरला तो मुकाट बसला, आणि तो अगदी नियमाप्रमाणे वागला! तार मात्र तिच्या कुवतीच्या दीडपटीहून जास्त वाहत होती. जुना १५ अँपिअरचा किटकॅट असता तरी वाचलो नसतो, कारण त्यातली तार लिहिलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट करंटला वितळते. जळका वास आला म्हणून कळलं, एमसीबीमुळे नव्हे. टोकाची तार बघा.

तर हिशेब असा: उपकरणांचा करंट एमसीबीच्या आकड्यापेक्षा कमी, आणि एमसीबीचा आकडा तारेच्या कुवतीपेक्षा कमी. मी दीड एमएमला १०, अडीचला १६ आणि चारला २० धरतो. केबलच्या तक्त्यात यापेक्षा मोठे आकडे दिसतील, पण एका पाइपात सहा तारा कोंबलेल्या असतात आणि मे महिन्यात विदर्भातला स्लॅब हाताला चटका देतो. तिथे तारेला थंड व्हायला वाव कुठला? हिशेब जुळत नसेल तर एमसीबी मोठा करायचा नाही. तार बदलायची किंवा लोड दोन लाइनवर वाटायचा. दुसरा मार्ग नाही.

किटकॅट काढताना एक बघा: फेजवर (वीज आणणाऱ्या जिवंत तारेवर) एक आणि न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) एक असे दोन फ्यूज आहेत का? जुन्या घरांत हे सर्रास असतं. न्यूट्रलचा उडाला की दिवा बंद होतो, पंखा बंद होतो, आपल्याला वाटतं वीज गेली, आणि होल्डरमध्ये फेज तसाच जिवंत. न्यूट्रलवर एकट्याने तुटणारं काहीही ठेवायचं नाही, तिथे सरळ जोडपट्टी.

खरेदी. आयएसआय खूण बघा. एमसीबीवर सी १६ असं काही छापलेलं असतं, त्यातल्या सी चा अर्थ लिहिलेल्या आकड्याच्या पाच ते दहा पट करंट आला की तो तत्काळ पडतो, शॉर्टसर्किटसाठी. बी असेल तर तीन ते पाच पट. एसी, फ्रिज, पंप सुरू होताना झटका घेतात म्हणून त्यांना सी. चौकटीत ६००० किंवा १०००० असतं, तेवढ्या अँपिअरचा शॉर्टसर्किट तो न फुटता तोडू शकतो. चौकट नसलेला स्वस्त माल नको. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अंगातून किंवा जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) घ्याच. माणसाचा जीव जायला अँपिअरचा छोटासा अंश पुरतो, तेवढ्याने कुठलाही फ्यूज हलत नाही. उलट आरसीसीबी ओव्हरलोड बघत नाही, त्यामुळे एक घेतला म्हणून दुसरा टाळता येत नाही. घरात अर्थिंग खरोखर आहे का, की तिसऱ्या भोकात नुसती हवा आहे, तेही याच वेळी तपासा.

कामाचा दिवस. उजेडात सुरू करा. परवानाधारक वायरमनच हवा. मीटरच्या आधीचा कटआउट (मोठा फ्यूज) आणि सील वीज कंपनीचं, त्याला हात नाही. मेन बंद केल्यावर इन्व्हर्टरही बंद करा. हे लोक विसरतात: मेन बंद, सगळे निर्धास्त, आणि दिव्यांच्या लाइनमध्ये इन्व्हर्टरचे २३० व्होल्ट चालूच. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका, होल्डरला बल्ब लावून तपासा. जुन्या बोर्डाचा फोटो काढा. तारांना चिठ्ठ्या लावा.

आणि जुनी तार तशीच वापरायची असेल तर वायरमन आल्या आल्या त्याला माळ्यावरचा बॉक्स दाखवा. तो म्हणेल, ‘साहेब, आत बरोबर आहे, मी बघितलंय.’ तरी उघडायला लावा. बोर्डातली जाडी दाखवून तो पुढे निघाला तर थांबवा.

नंतरचं थोडक्यात. प्रत्येक एमसीबीवर नाव, पेनाने नको, पुसलं जातं. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा, पुढेही महिन्याला एकदा. सगळं जड लोड एकदम चालू करून अर्धा तास ठेवा, मग मेन बंद करून स्क्रूंना हात लावा, एखादाच गरम लागला तर तो सैल आहे. सैल जोड तापतो तेव्हा करंट वाढत नाही, म्हणून एमसीबीला तो कळत नाही. आठवड्याने पुन्हा आवळा. एक्स्टेन्शन बोर्डाची बारीक वायर १६ च्या पॉइंटला लावू नका, तिलाही हाच नियम. बिलावरचा मंजूर भार वाढलेल्या लोडला पुरतो का ते बघून घ्या, नाहीतर अर्ज करा. जुने किटकॅट भंगारात द्या. घरात ठेवले तर कुणीतरी परत लावतं.