दुर्मीळ संग्रह बाहेरच्या साठवणगृहात हलवताना

दुर्मीळ संग्रह दूरच्या साठवणगृहात हलवायचे ठरले की चर्चा खोकी आणि वाहनांचीच होते. खरे काम मात्र पहिले खोके भरण्यापूर्वीचे असते. बाहेरच्या साठवणगृहांत जागा वाचवण्यासाठी ग्रंथ बहुधा विषयानुसार न लावता आकारानुसार लावतात, त्यामुळे तिथे ग्रंथ सापडतो तो केवळ बारकोडमुळे. ज्या वस्तूची तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीत, नोंद नाही ती तिथे गेली की हरवल्यातच जमा. म्हणून प्रथम फडताळनिहाय पडताळणी करावी, प्रत्येक वस्तूला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि एकाच वेष्टनात बांधलेली सुटी पत्रके मोजून त्यांची संख्या नोंदवावी. बारकोड मूळ पानावर किंवा बांधणीवर कधीही चिकटवू नये. तो आम्लविरहित पेटीवर किंवा ग्रंथात ठेवलेल्या पट्टीवर असावा.

त्याच वेळी प्रत्येक वस्तूची अवस्था तपासून छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे नंतर इजा प्रवासात झाली की आधीच होती हा वाद उरत नाही. कीड आढळल्यास तो गठ्ठा वेगळा काढावा. उणे २० अंश सेल्सिअसला एक-दोन आठवडे गोठवण्याचा उपाय कागदी ग्रंथांना चालतो, पण जुन्या छायाचित्रांच्या काचेच्या निगेटिव्हांना चालत नाही. गोठवलेले ग्रंथ बंद पिशवीतच ठेवावेत आणि ते खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडावी, अन्यथा बाहेरची वाफ थंड कागदावर पाणी होऊन बसते. सेल्युलोज नायट्रेटची फिल्म, म्हणजे जुन्या छायाचित्रांची ज्वालाग्राही फिल्म, सापडली तर ती इतर सामानासोबत मुळीच पाठवू नये; ती पेटल्यावर हवेवाचूनही जळत राहते.

खोक्यात ग्रंथ आडवा किंवा कणा खाली करून ठेवावा. पानांची कड खाली केल्यास पानांच्या भाराने शिवण ओढली जाते. काचेच्या निगेटिव्हा मात्र लांब कडेवर उभ्या आणि नकाशे सपाटच जावेत. खोके एका माणसाला सहज उचलता येईल इतकेच भरावे. या नियमाला हमखास फाटा दिला जातो आणि तळ फाटतो.

वाहन बंदिस्त असावे, सामान भरल्यावर त्याला मोहोरबंद कुलूप लावावे आणि निघताना व पोहोचल्यावर दोन्ही ठिकाणी खोक्यांची यादी वाचून सही घ्यावी. नव्या जागी तापमान व आर्द्रता काही आठवडे आधीपासून मोजलेली असावी, कारण चर्मपत्र आर्द्रतेच्या चढउताराने आक्रसते. पोहोचल्यावर बारकोड पुन्हा वाचून जागेशी जोडल्याखेरीज तालिकेतील जुना पत्ता पुसू नये.