जुन्या नाण्यांचा डबा विकत घेताना भाव कसा ठरवावा

गिरगाव, परळ, लालबागकडच्या चाळी पुनर्विकासाला गेल्या की माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात, आणि त्यांतल्या एखादीत नाण्यांनी भरलेला बिस्किटाचा पत्र्याचा डबा हमखास निघतो. मी सहकारी बँकेत कॅशिअर होते. निवृत्तीनंतर असे डबे अख्खेच्या अख्खे विकत घेते. घरातल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काकू, याचे किती येतील?" या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देऊ नये. योग्य भाव मी त्यालाच म्हणते, ज्याचा हिशेब कागदावर मांडून विकणाऱ्याच्या हातात देता येतो. तो कागद दाखवायला आपल्याला संकोच वाटत असेल, तर भाव चुकलेला आहे.

सोबत दोन दशांशांपर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, दहापट भिंग, लोहचुंबक, दोरा आणि पाण्याचा ग्लास असू द्या.

आधी चांदी वेगळी काढा, कारण डब्याची बहुतेक किंमत तिच्यात असते. राणी व्हिक्टोरियापासून 1939 पर्यंतचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात चांदी 91.7 टक्के, म्हणून शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. अधेली याच्या निम्मी, पावली पाव, असं चांदीच्या चवलीपर्यंत, म्हणजे दोन आण्यांपर्यंत, हिशेब उतरत जातो. युद्धाच्या काळात, 1940 मध्ये, सरकारने चांदी निम्म्यावर आणली. 1940 ते 1945 चा रुपया वजनाला तेवढाच, पण शुद्ध चांदी साधारण 5.83 ग्रॅम. त्याच्या कडेच्या मधोमध खाच फिरवलेली असते, तारीख झिजली असली तरी त्यावरून तो ओळखता येतो. 1947 चा वाघाचा रुपया निकेलचा आहे आणि चुंबकाला चिकटतो. जुना दिसतो म्हणून त्याला चांदीत धरू नका, आणि विकणाऱ्यालाही चुंबक लावून दाखवा. नंतर पुन्हा त्यावरून वाद होत नाही.

रुपया खोटा वाटला तर भांड्यातल्या पाण्याने खात्री होते. पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. 1939 पर्यंतच्या खऱ्या रुपयाला काटा 1.13 ग्रॅमच्या आसपास दाखवतो. जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे नावातच चांदी असलेल्या तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रणाचा, असेल तर आकडा 1.3 च्या पुढे जातो. झिजलेलं नाणं वजनाला थोडं कमी भरतं, त्याचा आकडाही त्याच प्रमाणात उतरतो.

आता आकडेमोड. चांदीचा भाव त्या दिवशीचा घ्या. इथे सोपं जावं म्हणून ग्रॅमला शंभर रुपये धरते. डब्यात जुने बारा रुपये आणि युद्धकाळातले नऊ निघाले, तर बाराचे 12,828 आणि नऊचे 5,247, एकूण 18,075. झीज आणि गाळण्याची घट म्हणून मी दहा टक्के वजा करते, म्हणजे 16,270 च्या जवळपास. एवढे पैसे मी पहिल्या पाच मिनिटांत बोलून टाकते. नुसत्या मोडीचेच इतके येतात हे घरच्यांना आधी कळलं, की पुढचं बोलणं मोकळेपणाने होतं.

मग भिंग घेऊन मोडीपेक्षा जास्त मोलाचं काही आहे का ते शोधा. 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया बघा. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड पडल्यामुळे तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी ठसा बदलला. 1939 चा रुपया खरोखर दुर्मिळ आहे, म्हणून त्याच्या नकला फार. शेवटच्या आकड्याभोवती कोरल्याच्या खुणा आहेत का ते तपासा, आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय भाव देऊ नका. 1862 च्या रुपयावर ठिपके मोजा. तीच तारीख ठेवून टांकसाळ पुढे कित्येक वर्षं नाणी पाडत राहिली, आणि मुंबईने वर्षाची खूण म्हणून ठिपके दिले. डोळा तयार करायचा असेल तर फोर्टात अमर बिल्डिंगमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय पाहून या.

हार करताना टाका लावलेला रुपया, किंवा दिवाळीत चिंच-मीठ आणि भांड्यांच्या पावडरीने लख्ख घासलेला, संग्राहकाच्या दृष्टीने उतरलेला असतो. त्याला चांदीचाच भाव द्या. घरात असे डबे असणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, विकायच्या आधी नाणी घासू नका. काळपट थर तसाच राहू द्या.

उरते ती चिल्लर. तीच सगळ्यात जास्त जागा खाते आणि किलोवर विकली जाते, म्हणून किलोत नग किती हे माहीत हवं. ॲल्युमिनियमचा एक पैसा पाऊण ग्रॅमचा, किलोत तेराशेच्या वर बसतात. निकेलचे पंचवीस पैसे अडीच ग्रॅमचे, किलोत चारशे. मोठं पोतं असेल तर वरून, मधून आणि तळातून एकेक ओंजळ काढून मोजा. वर चांगली नाणी आणि खाली नुसते ॲल्युमिनियमचे पैसे, असं रचलेलं असू शकतं. हा माल मी व्यापारी ज्या दराने घेतो त्याच दराने धरते, मोबाइलवर कुणीतरी मागितलेल्या किमतीने नाही. मागितलेली किंमत म्हणजे विकली गेलेली किंमत नव्हे. वर निवडायला लागणाऱ्या वेळाचेही पैसे वजा करते आणि तसं सांगते.

शिवराईचा, म्हणजे छत्रपतींच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यांचा, ढीग मिळाला तर वेगळा हिशेब. एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्र पति" ही अक्षरं जितकी वाचता येतील तितका भाव चढतो. नुसत्या झिजलेल्या चकत्यांना तांब्यापेक्षा थोडं अधिक द्यावं. पण "शेतात सापडल्या" असं कुणी म्हणालं तर मी हात लावत नाही. 1878 च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीतून निघालेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. रामदरबार किंवा हनुमान असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे "1818 चे आणे" दिसले तर त्यांना शून्य धरा. कंपनीने अशी नाणी कधी काढलीच नाहीत. तांदळाचे दाणे आपल्याकडे ओढून घेणारं "चमत्कारी" नाणं आहे असं सांगून लोकांना लाखोंना फसवतात ते याच चकत्यांवर. आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी जुन्या नाण्यांवर कमिशन मागत असेल, तर फोन ठेवून द्या. बँक असा व्यवहार करत नाही, तिने 2021 मध्ये तसं जाहीरही केलं आहे.

शेवटी बेरीज: घट वजा करून चांदी, व्यापारी दराने चिल्लर, आणि मोलाची दोन-चार नाणी वेगळी. त्यांची किंमत लगेच ठरत नसेल तर मी त्यांचे मोडीचे पैसे हातात देते, आणि ती जास्त भावाने विकली गेली तर वरच्या रकमेतला निम्मा वाटा देईन असं लिहून देते. घरच्यांना दुसऱ्या कुणाला विचारायचं असेल तर एक आठवडा थांबते, त्या दिवसांत माझा भाव बदलत नाही. चिठ्ठी दोन प्रतींत असते. वजन, नगांची संख्या, त्या दिवशीचा चांदीचा दर, दोघांच्या सह्या, आणि वेगळ्या ठेवलेल्या प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंचा फोटो.