कर्लिंगचा सामना बघायचा असेल तर आधी कान द्या

आमचे अप्पा बडोद्याच्या गायकवाड महाराजांच्या पागेत चाबूकस्वार होते. बिथरलेला घोडा थांबवताना ते खालच्या सुरात, लांबवून "व्होऽअ" म्हणायचे. 2022 च्या फेब्रुवारीत मी दांडिया बाजारातल्या घरी पापडी निवडत बसले होते, आणि टीव्हीवरून तोच शब्द कानावर आला. बघते तर घोडा नव्हताच, बर्फावरून एक दगड सरकत होता. तेव्हापासून मी कर्लिंग सोडत नाही. नव्याने बघणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी कॅरम आठवा. आपण बोर्डावर पावडर टाकतो, तसं तिथे बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून गोठवतात आणि दगड त्या कणांवरून जातो. दगड ग्रॅनाइटचा, वजन 19 किलोंच्या आसपास. बूड खोलगट असल्यामुळे नुसती कडच टेकते. पलीकडे 12 फूट रुंदीचं गोल घर आखलेलं असतं. एका संघात चौघं, प्रत्येकाला दोन दगड. दोन्ही संघांचे मिळून 16 टाकून झाले की एक डाव, आणि ऑलिंपिकला असे 10 डाव.

गुण मोजायला माझ्या नातवाला मी ताट दिलं. मध्यावर एक कवडी ठेवा. तिच्या जरा बाहेर आणखी दोन कवड्या, त्यांच्याबाहेर एक चिंचोका, आणि चिंचोक्याच्याही बाहेर चौथी कवडी. कवडीवाल्यांना तीन गुण. चौथी धरायची नाही, कारण चिंचोका तिच्यापेक्षा आत आहे. चिंचोकेवाल्यांना शून्य. एका डावात एकच संघ गुण घेतो.

आता खरी मेख. शेवटचा दगड ज्याच्याकडे, त्याला एक गुण मिळून भागत नाही, दोन हवे असतात. कारण गुण घेतला की पुढच्या डावात शेवटचा दगड समोरच्याकडे जातो. म्हणून कधीकधी ते मुद्दाम घर साफ करून डाव कोरा सोडतात, म्हणजे शेवटचा दगड आपल्याकडेच राहतो. मला पहिल्यांदा हा भित्रेपणा वाटला होता. तो धीर आहे, हे चार सामने बघितल्यावर कळलं.

दगड सोडताना त्याची मूठ किंचित फिरवतात, त्यामुळे तो वळतो. पण हे वळण वेग उतरल्यावर जास्त दिसतं, म्हणून नजर वाटेच्या शेवटावर ठेवा. दगडाच्या पुढे त्याच संघातले दोघं ब्रशने बर्फ घासत धावतात. घासलं की दगड लांब जातो आणि कमी वळतो. पलीकडून कप्तान, ज्याला स्किप म्हणतात, "हरी! हरी!" (देवाचं नाव नव्हे, इंग्रजीतलं 'घाई करा') ओरडला तर जोरात घासा, "व्होअ" म्हणाला तर ब्रश उचला. दगडाला मात्र ब्रशचा स्पर्श चालत नाही.

इथे मला अप्पा फार आठवतात. प्रतापसिंहराव महाराजांनी 1945 साली 28,000 गिनी (तिथलं जुनं नाणं) मोजून इंग्लंडात शर्यतीसाठी एक शिंगरू घेतलं आणि त्याला आपल्या आजोबांचं नाव दिलं, सयाजीराव. 1947 ला त्याने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर या शर्यती जिंकल्या. पुढच्या साली महाराजांच्याच माय बाबू या घोड्याने टू थाउजंड गिनीज नावाची शर्यत मारली. अप्पा म्हणायचे, शर्यत सुटली की मालकाच्या हातात दुर्बिणीशिवाय काही उरत नाही. म्हणून कर्लिंगचा विजेता आणि रेसच्या घोड्यांचाही मालक, अशा एका माणसाबद्दल कळलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. हातातून सुटलेल्या गोष्टीकडे बघत राहायची सवय त्याला दोन्हीकडे लागली असणार.

शेवटच्या दगडाला टीव्हीचा आवाज वाढवा. पोचायला त्याला वीस-पंचवीस सेकंद लागतात. "व्होअ" ऐकू येईल, दोन्ही ब्रश वर जातील, आणि दगड एकटाच घराकडे चालू लागेल. तेवढा वेळ कुणालाही चहा विचारू नका.